वेषांतर केलेलें फुलपाखरूं

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर २ मध्यें नेहरू चौकाकडील गर्दी मागें टाकून एखाद्या आडगल्लींत शिरलें, म्हणजे दोन इमारतींच्या मध्यें अजूनही एखादा मोकळा तुकडा दृष्टीस पडतो. पडक्या भिंतीच्या विटा, थोडी माती, पावसाळ्यांत आपोआप उगवलेली घोळ, कडेला रुईचें एखादें झुडूप आणि एकदांडीचीं इवलीं फुलें, एवढीच त्या तुकड्याची संपत्ति. भाद्रपद-आश्विनांत पाऊस उघडून स्वच्छ ऊन पडलें, कीं सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास अशा जागीं नारिंगी रंगाचें एक फुलपाखरूं संथपणें घिरट्या घालतांना दिसतें. पुढील पंखांचीं टोकें काळीं, त्या काळ्या भागावर तिरपा पांढरा पट्टा आणि पंखांच्या कडांना काळी किनार. फुलपाखरांशीं थोडासा परिचय असलेला मनुष्य त्याकडे एकवार पाहतो, "बिबळ्या कडवा" असें म्हणतो आणि पुढें चालूं लागतो. इंग्रजींत ज्यास 'प्लेन टायगर' म्हणतात तें हेंच फुलपाखरूं.

बहुतेक वेळां त्याचें म्हणणें बरोबर असतें. परंतु एखादे वेळीं तें साफ चुकतें. त्या वेळीं समोर उडत असलेलें फुलपाखरूं कडवा नसून 'छोटा चांदवा' या निराळ्याच जातीची मादी असते. इंग्रजींत या जातीला 'डॅनेड एगफ्लाय' म्हणतात. तिचें शास्त्रीय नांव 'हायपोलिम्नस मिसिपस'. दोघांचा आकार जवळजवळ सारखा, रंग सारखा, काळें टोंक सारखें, पांढरा पट्टाही सारखा. दोघांची जात मात्र भिन्न, आणि इतकी भिन्न कीं दोघांचीं उपकुळेंही निराळीं आहेत. अशा वेषांतर केलेल्या फुलपाखराला उघड्या मैदानांत, न पकडतां, केवळ डोळ्यांनीं ओळखावयाचें कसें, हा प्रश्न वरवर पाहतां हौशी लोकांचा वाटतो. पण त्याच्याशीं शहराचें एक खरेंखुरें नुकसान निगडित आहे.

प्रथम 'विरळ' या शब्दाचा अर्थ नीट लक्षांत घेतला पाहिजे. छोटा चांदवा जगांतून नष्ट होण्याच्या पंथास लागला आहे, असें नव्हे. आफ्रिका, दक्षिण आशिया, ऑस्ट्रेलिया आणि अटलांटिक महासागरापलीकडे वेस्ट इंडीज, एवढ्या विस्तीर्ण प्रदेशांत तो आढळतो. स्वीडनमधील विख्यात शास्त्रज्ञ लिनिअस यानें कडव्याचें नामकरण १७५८ मध्यें आणि छोट्या चांदव्याचें १७६४ मध्यें केलें. तेव्हां ही जात शास्त्राला अडीचशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. तिची विरलता आहे ती तुलनेनें. जेथें कडवा जवळजवळ बाराही महिने दिसतो, तेथें चांदव्याची मादी क्वचित् दृष्टीस पडते, आणि दृष्टीस पडली तरी पुष्कळदां तिची गणना कडव्यांतच होऊन जाते. अर्थात् तिच्या विरलतेचा कांहीं भाग निसर्गानें ठरविलेला आहे आणि कांहीं भाग पाहणाऱ्याच्या नजरेचा आहे.

निसर्गानें ठरविलेला भाग कोणता, हें समजण्यासाठीं वेषांतराचें कारण पाहावयास हवें. बिबळ्या कडव्याचा सुरवंट रुईच्या आणि हळदीकुंकवाच्या पानांवर वाढतो. या झाडांच्या चिकांत हृदयावर परिणाम करणारीं विषारी द्रव्यें असतात. सुरवंट तीं पचवितो, आपल्या शरीरांत साठवितो, आणि पुढें फुलपाखराच्याही देहांत तीं उतरतात. कडव्याचा जवळचा आप्त असलेल्या अमेरिकेंतील 'मोनार्क' या फुलपाखरावर लिंकन ब्रॉवर व त्याचे सहकारी यांनीं १९६० नंतरच्या दशकांत प्रयोग केले. रुईच्या वर्गांतील विषारी झाडांवर वाढलेलीं फुलपाखरें खाल्लेल्या जे-पक्ष्यांना वांत्या झाल्या. कोबीच्या पानांवर वाढविलेलीं फुलपाखरें मात्र त्यांनीं सुखेनैव खाल्लीं. विष फुलपाखराचें स्वतःचें नसून झाडाकडून उसनें घेतलेलें असतें, हें त्यावरून स्पष्ट झालें. पक्षी एकदां फसला कीं तो नारिंगी-काळा रंग ध्यानांत ठेवतो आणि पुन्हां त्या वाटेस जात नाहीं. कडवा इतक्या बेफिकिरीनें व संथपणें उडतो, त्याचें रहस्य हेंच.

छोट्या चांदव्याच्या अंगीं असें कोणतेंही विष नाहीं. त्याचा सुरवंट प्रामुख्यानें घोळीवर वाढतो. तीच घोळ, जिची भाजी मराठी घरांत आवडीनें खाल्ली जाते आणि जिला सिंधी घरांत 'लूणक' म्हणतात. जी वनस्पति माणसाच्या ताटांत चालते, तिच्यावर वाढलेलें फुलपाखरूं पक्ष्यालाही रुचकरच लागावयाचें. म्हणून चांदव्याच्या मादीनें कडव्याचा पोशाख उसना घेतला आहे. ॲमेझॉनच्या अरण्यांत अकरा वर्षें काढलेल्या हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें १८६२ मध्यें अशा वेषांतराची उपपत्ति प्रथम मांडली. त्याच्याच नांवानें तें आज ओळखलें जातें. हें वेषांतर मादी जाणूनबुजून करते असा मात्र याचा अर्थ नाहीं. ज्या माद्या कडव्यासारख्या अधिक दिसल्या त्या अधिक वांचल्या, त्यांची संतति वाढली, आणि असंख्य पिढ्यांनंतर हें साम्य इतकें बेमालूम झालें.

या उपपत्तींतून एक गोष्ट ओघानेंच निघते. सोंग घेणाऱ्यांची संख्या मूळ फुलपाखरांहून फार वाढली, तर पक्ष्यांना नारिंगी रंगाबरोबर गोड अनुभवच अधिक वेळां येईल आणि त्या रंगाचा धाक उरणार नाहीं. म्हणून नक्कल जितकी विरळ, तितकी ती सुरक्षित. चांदव्याची मादी कडव्यांच्या गर्दींत तुरळकच आढळावी, हें तिच्या जीवनक्रमाशीं सुसंगत आहे. पाहणाऱ्यालाही यापासून धडा घेण्यासारखा आहे. नारिंगी फुलपाखरूं दिसलें तर तें कडवा असण्याचा संभव अधिक, असें धरूनच आरंभ करावा. चांदवा असल्याचें मात्र सिद्ध करावें लागतें.

तें सिद्ध करण्याचा मार्ग पुढीलप्रमाणें आहे. ऊन पाठीशीं घेऊन, आपली सावली फुलपाखरावर पडणार नाहीं अशा बेतानें हळूहळू जवळ जावें. अशा वेळीं डोळा साहजिकच पुढील पंखाच्या काळ्या-पांढऱ्या टोंकाकडे ओढला जातो. आणि नेमका हाच भाग दोघांत सर्वांत सारखा आहे. म्हणून तिकडे दुर्लक्ष करून दृष्टि मागील पंखावर ठेवावी. बिबळ्या कडव्याच्या मागील पंखाच्या मध्यभागीं सुटे काळे ठिपके असतात. मादीला तीन, नराला चार. नराचा चौथा ठिपका थोडा मोठा असून ती त्याची गंधाची पिशवी होय. चांदव्याच्या मादीचा मागील पंख मध्यभागीं स्वच्छ असतो. तिच्या पंखावर एकच ठळक काळा ठिपका असतो, आणि तोही मधोमध नव्हे, तर मागील पंखाच्या वरच्या म्हणजे पुढील कडेशीं. ओळखीचा सारा भार या एका ठिपक्यावर आहे.

येथें नवशिका हमखास फसतो. फुलपाखरूं पंख पसरून बसलें, म्हणजे पुढील पंखाची कड मागील पंखावर येते आणि कडेचा तो ठिपका तिच्याखालीं झांकला जाऊं शकतो. "ठिपका दिसत नाहीं, तेव्हां हा कडवाही नव्हे आणि चांदवाही नव्हे" असा गोंधळ मग उडतो. अशा वेळीं घाई न करतां फुलपाखरूं पंख मिटण्याची वाट पाहावी. पंख मिटले कीं खालची बाजू समोर येते, आणि त्या बाजूवर ठिपके मोजणें सोपें जातें. किनारही पाहून घ्यावी. कडव्याची काळी किनार अरुंद असून तींत बारीक पांढरे ठिपके असतात. चांदव्याची किनार अधिक रुंद व नागमोडी असून तींत पांढऱ्या चंद्रकोरींसारख्या खुणा असतात. शिरांवर काळ्या रेघा ठळक दिसल्या, तर तें दोहोंपैकीं कोणतेंच नसून 'स्ट्राइप्ड टायगर' हें तिसरेंच फुलपाखरूं समजावें.

ठिपक्यानंतर वर्तन. चांदव्याची मादी निर्धास्त असतां कडव्याची चालही हुबेहूब उचलते. तीच संथ गति, तोच आळसावलेला पंखांचा हेलकावा. परंतु अकस्मात् दचकली, कीं सोंग गळून पडतें आणि ती वेगानें, वेड्यावांकड्या वळणांनीं निसटते. कडवा सहसा इतका घाबरत नाहीं. त्याचें शरीरही चामड्यासारखें चिवट असतें, आणि पक्ष्याची चोंच एकदां बसली तरी तो पुष्कळदां वांचतो. उडण्याच्या तऱ्हेवरून संशय घ्यावा. निर्णय मात्र ठिपक्यावरूनच करावा.

याहून भक्कम पुरावा मिळतो तो मादी अंडीं घालूं लागली म्हणजे. नारिंगी फुलपाखरूं जमिनीलगत उतरून घोळीभोंवतीं घुटमळूं लागलें, पानापानाला पायांनीं स्पर्श करूं लागलें आणि पोटाचें टोंक वांकवून अंडें ठेवूं लागलें, तर तें कडवा असणें शक्य नाहीं. कारण घोळीवर कडव्याच्या संततीचें पोट भरत नाहीं. उलट, तें रुईच्या पानाखालीं एकेक अंडें ठेवीत असेल, तर तो खात्रीनें कडवा. सुरवंटांत तर गफलत होण्याचें कारणच नाहीं. कडव्याचा सुरवंट गुळगुळीत, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा असून त्याच्या अंगावर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात. चांदव्याचा सुरवंट काळपट, अंगभर फांटे फुटलेल्या कांट्यांचा, आणि डोक्यावर दोन शिंगें धारण करणारा असतो. आईनें घेतलेलें सोंग लेंकरांच्या अंगीं मुळींच नसतें.

नराविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. छोट्या चांदव्याचा नर कोणाचेंही सोंग घेत नाहीं. तो मखमलीसारखा काळा असून प्रत्येक पुढील पंखावर दोन व मागील पंखावर एक असे एकूण सहा पांढरेशुभ्र डाग त्याला असतात, आणि त्यांच्या कडांवर उन्हांत जांभळी-निळी झांक खेळते. चंद्रबिंबांसारख्या या डागांवरून 'चांदवा' हें नांव सार्थ वाटतें. तो एखाद्या फांदीवर किंवा उघड्या जमिनीवर ठाण मांडून बसतो, आलेल्यागेलेल्या फुलपाखरावर धांवून जातो आणि पुन्हां त्याच जागीं परततो. 'मोठा चांदवा' या त्याच्या भाऊबंदाचा नरही असाच काळा असल्यामुळें तेथें पुन्हां सावधगिरी हवी. मोठ्याचे पांढरे डाग निळ्या-जांभळ्या चमकेंत बुडालेले असतात. छोट्याचे डाग मोठे, स्वच्छ व रेखीव असतात, आणि पंख मिटल्यावर खालच्या तांबूस-तपकिरी बाजूवर रुंद पांढरा पट्टा दिसतो. एखाद्या जागीं छोट्या चांदव्याचा नर दिसला, तर तेथील प्रत्येक नारिंगी फुलपाखरूं पुन्हां एकदां तपासून पाहावें. नर दिसला हा मादीचा पुरावा नव्हे. पण शोध कोठें करावा याची ती उत्तम सूचना आहे.

पूर्वी ही सारी खटपट फारशी करावी लागत नसे. जाळें टाकावें, फुलपाखरूं पकडावें, टांचणीवर लावावें आणि पेटींत दोन नमुने शेजारीं ठेवून सावकाश ताडून पाहावे, अशी पद्धत होती. १८८३ मध्यें स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह याच मार्गानें वाढला. कारवारकडे वनखात्यांत असलेले टी. आर. बेल यांनीं सोसायटीच्या नियतकालिकांत १९०९ पासून भारताच्या सपाट प्रदेशांतील फुलपाखरांवर दीर्घ लेखमाला लिहिली. त्यांनीं सुरवंट स्वतः वाढवून त्यांचीं खाद्यझाडें निश्चित केलीं, हें त्यांचें मोठेंच कार्य होय. पुढें इव्हान्स यांचें ओळखीवरील पुस्तक १९२७ मध्यें आणि विंटर-ब्लिथ यांचा ग्रंथ १९५७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांनीं घालून दिलेल्या पायावरच आजचीं सचित्र पुस्तकें उभीं आहेत.

परंतु आज तो जाळ्याचा मार्ग बंद आहे, आणि तो बंद असणेंच योग्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत छोट्या चांदव्याचा समावेश करण्यांत आला होता. २०२२ च्या दुरुस्तीनें अनुसूचींची मांडणी बदलली. तथापि रस्त्यावरील हौशी माणसासाठीं नियम एकच आहे, पकडूं नये, पाहावें. जाळ्याची जागा आतां छायाचित्रानें घेतली आहे. हातांतील साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यानेंही काम भागतें. मात्र एक छायाचित्र पुरेसें नाहीं. एक पसरलेल्या पंखांचें व एक मिटलेल्या पंखांचें, अशीं दोन घ्यावीं; आणि मागील पंख संपूर्ण दिसत नसेल, तर सुंदर आलेलें छायाचित्रही ओळखीच्या कामीं निरुपयोगी समजावें. त्याच्या जोडीला वहींत तारीख, वेळ, जागा, जवळची झाडें आणि हवामान यांची नोंद ठेवावी. ठिपका पाहावयास मिळालाच नाहीं, तर "अनिश्चित" असा शेरा मारण्यांत कमीपणा नाहीं. हौसेपोटीं केलेली चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षां अधिक घातक असते. कारण पुढें येणारा मनुष्य तिच्यावर विश्वास टाकतो.

एवढा खटाटोप एका फुलपाखरासाठीं कां करावा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर उल्हासनगरच्या भूमींतच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत येथें कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं तिच्या बराकींत संसार मांडले, आणि ऑगस्ट १९४९ मध्यें उल्हास नदीवरून या वसाहतीचें नामकरण झालें. बराकींच्या जागीं इमारती आल्या, कारखाने व बाजारपेठा आल्या, आणि मोकळी जमीन वर्षानुवर्षें आकसत गेली. अंबरनाथच्या प्राचीन शिवालयाजवळून वाहणारी वालधुनी या शहरांत येते ती गढूळ व दूषित होऊन. बदलापूरपलीकडे बारवीच्या बाजूस अजून रानें आहेत, आणि फुलपाखरें पाहावयाचीं म्हणजे तिकडेच जावयाचें, अशी समजूत आहे. छोटा चांदवा मात्र केवळ घनदाट रानाचा रहिवासी नव्हे. त्याला हवी असते ती उघडी, ओलसर, उन्हाची जागा आणि तींत उगवणारी घोळ. आणि अशी जागा वस्तीच्या पोटांतही असूं शकते.

कडव्याचें तसें भय नाहीं. रुई चिवट असते. ती रुळांच्या कडेला, भिंतींच्या फटींत, कोठेंही तग धरते, आणि शनिवारीं मारुतीला तिच्या पानांची माळ लागते म्हणून तिला मानही आहे. घोळ जमिनीलगत पसरते. तण म्हणून ती उपटली जाते, तणनाशकानें जळते, फरसबंदीखालीं कायमची गाडली जाते. अशा रीतीनें घोळीचा शेवटचा ताटवा गेला, तर त्याबरोबर चांदवाही जाईल. परंतु रुईवर वाढलेले कडवे पूर्वीप्रमाणेंच उडत राहतील, येणाऱ्याजाणाऱ्याला तेंच नारिंगी फुलपाखरूं दिसत राहील, आणि कांहीं उणें झालें आहे अशी शंकाही कोणास येणार नाहीं. इतर प्राणी नाहींसे झाले म्हणजे त्यांची रिकामी जागा तरी डोळ्यांना खुपते. वेषांतर केलेल्या या फुलपाखराची जागा रिकामी दिसणारच नाहीं. तें होतें, हें ज्यानें ठिपका मोजून लिहून ठेवलें असेल, त्यालाच तें गेल्याचें कळेल.

म्हणून शहरांतील घरांनाही या कामीं वांटा उचलतां येतो. गच्चीवरील एखाद्या कुंडींत आपोआप उगवलेली घोळ सारीच्या सारी भाजीसाठीं न खुडतां थोडी राखावी, तिच्यावर औषधें फवारूं नयेत, आणि पावसाळ्याच्या अखेरीस पानांवर काळपट, कांटेरी सुरवंट दिसला तर तो कीड समजून चिरडूं नये. शेजारच्या मोकळ्या जागेंत नारिंगी फुलपाखरूं आलें, तर मुलांनीं प्रथम त्याच्या मागील पंखाकडे पाहावें. मध्यभागीं तीन-चार ठिपके दिसले, तर वहींत "कडवा" असें लिहावें. मध्यभाग कोरा असून कडेशीं एकच ठिपका दिसला, तर वेळ, जागा आणि जवळची घोळ यांसह "छोटा चांदवा, मादी" अशी नोंद करावी. कांहींच नीट दिसलें नाहीं, तर प्रश्नचिन्ह घालून वही मिटावी आणि दुसऱ्या दिवशीं ऊन पडल्यावर पुन्हां त्याच जागीं जावें.